न खेळल्या गेलेल्या नाटकांची नाटककार : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मर्सी ओटिस वॉरन या अमेरिकी क्रांतीच्या काळातल्या कवयित्री आणि नाटककार बाईंवर मी लिहिलेल्या लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, ज्यांचे एकही नाटक रंगमंचावर आले नाही त्यांना ‘अमेरिकेच्या पहिल्या नाटककार’ म्हणणे ही अतिशयोक्ती आहे. त्यांचे नाव झाले ते राजकारणातले पुढारी असलेले भाऊ जेम्स ओटिस, पती जेम्स वॉरन आणि स्नेही, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन अ‍ॅडम्स यांच्या वजनामुळे. आणि त्यांची नाटके म्हणजे राजकीय विरोधकांना टोपणनावे ठेवून हाणलेल्या शिव्या असून त्यांत हाडामांसाचे माणूस एकही नाही.

‘पहिल्या’ हा शब्द चुकला, हे आधी कबूल करतो. फिलाडेल्फियाच्या थॉमस गॉडफ्रीने ‘द प्रिन्स ऑफ पार्थिया’ ही शोकांतिका १७५९ मध्येच लिहून पूर्ण केली होती. तो १७६३ मध्ये, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, तापाने गेला आणि २४ एप्रिल १७६७ रोजी साउथवर्क नाट्यगृहात तिचा प्रयोग झाला. तोही खरे तर बदली नाटक म्हणून. आधी जाहीर झालेल्या नाटकात शहरातल्या नामवंतांची टवाळी होती, म्हणून ते ऐन वेळी मागे घ्यावे लागले. वॉरनबाईंचे पहिले नाटक छापले गेले ते १७७२ मध्ये. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. त्याच ओघात, आपण न दाखवलेली आणखी एक चूकही सुधारली: ‘द ब्लॉकहेड्स’ हे १७७६ चे प्रहसन मी बिनदिक्कत त्यांच्या नावावर टाकले होते. ते गद्यात आहे, त्याची भाषा शिवराळ आहे, आणि ते त्यांचेच का, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.

मात्र ‘रंगमंचावर आले नाही, म्हणून नाटककार नाही’ हा युक्तिवाद मला मान्य नाही, कारण त्यात कार्यकारणाची उलटापालट झाली आहे. त्यांच्या मॅसॅच्युसेट्स या ब्रिटिश वसाहतीच्या विधिमंडळाने १७५० मध्ये कायदा करून नाटकांचे प्रयोग बंद केले होते आणि जागा भाड्याने देणारा मालक, नट व प्रेक्षक या सगळ्यांनाच त्यात दंडाची तरतूद होती. हा कायदा १७९३ पर्यंत टिकला. बार्नस्टेबलमध्ये १७२८ साली जन्मलेल्या आणि लग्नानंतर प्लिमथमध्ये संसार केलेल्या या बाईंनी आपल्या वसाहतीत एखादे नाट्यगृह पाहिले असण्याची शक्यताच नव्हती. त्यांनी नाटक ओळखले ते छापील पुस्तकांतून, आणि लिहिले तेही छापण्यासाठीच. ‘द अड्युलेटर’ हे पहिले नाटक ‘मॅसॅच्युसेट्स स्पाय’ या वृत्तपत्रात निनावी आले. त्यात सर्बियाचा जुलमी पाशा रॅपेशियो म्हणून जो अवतरतो, तो वसाहतीचा गव्हर्नर थॉमस हचिन्सन आहे हे बॉस्टनच्या कोणत्याही वाचकाला सांगावे लागत नव्हते. पुढच्या वर्षी ते पुस्तिकेच्या रूपाने निघाले तेव्हा कुणा अज्ञात हाताने त्यात ब्रिटिश सैनिकांनी १७७० मध्ये बॉस्टनच्या जमावावर केलेल्या गोळीबारावरील प्रवेश परस्पर घुसडून दिले, आणि बाईंना त्याचा बराच संताप आला. वृत्तपत्र हाच रंगमंच असला की संहितेवर असे हात पडायचेच.

या परिस्थितीचा त्यांनी कलेसाठी कसा उपयोग करून घेतला, हे पाहायचे तर १७७५ मधले ‘द ग्रुप’ उघडावे. त्याच्या मुखपृष्ठावरच म्हटले आहे की हे नाटक नुकतेच खेळले गेले असून पुन्हा खेळले जाणार आहे. खेळले गेले म्हणजे नाट्यगृहात नव्हे, तर बॉस्टनच्या राजकारणात. ब्रिटिश संसदेने १७७४ च्या कायद्याने तिथल्या कौन्सिलची, म्हणजे गव्हर्नरच्या सल्लागार मंडळाची, निवडणूक रद्द केली आणि राजाच्या हुकमाने सभासद नेमले. ते नेमलेले सभासद म्हणजेच नाटकाच्या नावातला ‘ग्रुप’, हे टोळके. पात्रांच्या यादीखाली जी रंगसूचना आहे, ती तर मला संपूर्ण नाटकाहूनही आवडते. दरबारी लाळघोट्यांचा थवा टोळांच्या रूपाने रंगमंचावर घिरट्या घालतो आहे. त्यांच्या अग्रभागी ‘मॅसॅच्युसेटेन्सिस’, म्हणजे त्या टोपणनावाने सरकारची बाजू मांडणारा लेखक, दृष्टीने जीव घेणाऱ्या पुराणातल्या सर्पाच्या रूपात आहे. आणि सर्वांत मागे एका हातात मशाल व दुसऱ्या हातात दारूगोळ्याची कुपी घेतलेला प्रोटियस, म्हणजे सतत रूपे बदलणारा ग्रीक पुराणातला देव, चालतो आहे. आता हे कोणता सूत्रधार रंगमंचावर उभे करणार होता? ही सूचना नटांसाठी नाहीच. ती वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नाटक उभे राहावे म्हणून आहे.

आपला तिसरा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. हेटऑल, क्रस्टी क्रोबार, हम हंबग अशी नावे ठेवली की माणूस उभा करायला जागा थोडीच उरते, आणि ‘द अड्युलेटर’मधले ब्रूटस व कॅसियस स्वातंत्र्यावर जी लांबलचक स्वगते म्हणतात ती वाचताना मलाही जांभया आल्या आहेत. परंतु ‘द ग्रुप’मधल्या सिंपल सॅपलिंगचा प्रवेश आपण पुन्हा वाचावा. हा कच्च्या दिलाचा गृहस्थ कौन्सिलात बसला आहे आणि सरकारी सैनिकांना आपल्या घरी उतरवून घेण्याचे त्याने कबूल केले आहे. आता बायको सिल्व्हिया काय म्हणेल, या काळजीत तो पडतो. मग स्वतःचीच समजूत घालतो, की ती स्वभावाने गरीब आहे, ऐकेल, शिपायांना जेवूखाऊ घालील. त्यावर ब्रिगेडियर हेटऑल त्याला बायका ताळ्यावर आणण्याचा उपाय सांगतो: हिकरीची हिरवी काठी किंवा वाळुंजाची छडी. हा प्रवेश कल्पनेतून आलेला नाही. प्लिमथशेजारच्या मार्शफील्ड गावी, कौन्सिलवर नेमणूक झालेल्या नॅथॅनियल रे टॉमसच्या घरी, त्याच वर्षी जानेवारीत खरोखरच इंग्रज पलटण येऊन राहिली होती. बाईंनी ही बातमी उचलली आणि तिच्यात पुरुष मंडळींना न दिसणारी बाजू पाहिली, ती म्हणजे ज्या घरात शिपाई येणार त्या घरातल्या बाईची. नाटकाच्या शेवटी तर टोळके पांगल्यावर, बाजूच्या दालनात बसलेली, त्यांच्यापैकी एकाच्या नात्यातली बाई पुढे येते आणि येऊ घातलेल्या युद्धाविषयी बोलते. शेवटचा शब्द तिचा. नाटक पुस्तिकारूपाने विक्रीला आले ते एप्रिलच्या आरंभी, आणि १९ एप्रिलला लेक्झिंग्टनला स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली.

नंतरच्या दोन शोकांतिका, ‘द सॅक ऑफ रोम’ आणि ‘द लेडीज ऑफ कॅस्टिल’, त्यांनी वॉशिंग्टनला अर्पण केलेल्या १७९० च्या काव्यसंग्रहात आहेत. पहिलीचा प्रयोग लंडनमध्ये व्हावा म्हणून त्यांनी तेथे अमेरिकेचा राजदूत असलेल्या अ‍ॅडम्सकडे शब्द टाकला होता. इथे अमेरिकी म्हणून काहीही खपत नाही, असे त्याने कळवले. त्या रचनेने नीटनेटक्या आहेत, पण मला त्यांत ‘द ग्रुप’चा ठसका सापडत नाही.

राहिला पुरुषांच्या वजनाचा मुद्दा. भावाबरोबर त्याच्या शिक्षकाकडे बसून शिकता आले, हे त्यांचे भाग्य खरे. पण १७६९ मध्ये कॉफी हाउसातल्या मारामारीत जेम्स ओटिसच्या डोक्याला जबर मार बसला, आधीच ढासळू लागलेले त्याचे मन त्यानंतर पुरते सावरले नाही, आणि बहिणीची नाटके सुरू झाली ती त्यानंतर. शिवाय नावच छापले जात नव्हते, तर वजन कुणाचे वापरणार? राज्यघटनेच्या मसुद्यावर ‘कोलंबियन पॅट्रियट’ या टोपणनावाने १७८८ मध्ये त्यांनी लिहिलेली टीका तर शतकाहून अधिक काळ मॅसॅच्युसेट्सचा राजकीय पुढारी एल्ब्रिज गेरी याची समजली जात होती. विसाव्या शतकात त्यांच्याच एका पत्रामुळे तिचे श्रेय त्यांना मिळाले.

आणि अ‍ॅडम्सचे म्हणाल, तर १८०५ मध्ये त्यांचा क्रांतीचा तीन खंडी इतिहास निघाला आणि त्यात आपल्याला राजेशाहीचे आकर्षण असल्याचे वाचून तो असा भडकला की १८०७ च्या उन्हाळ्यात त्याने त्यांना एकामागून एक रागाची पत्रे धाडली, ज्यांना बाईंनी तितक्याच ठामपणे उत्तरे दिली. इतिहास हा स्त्रियांचा प्रांत नव्हे, असे त्याने पुढे गेरीला लिहिले. समेट झाला तो गेरीच्याच मध्यस्थीने. मग १८१४ मध्ये पंचाऐंशी वर्षांच्या वॉरनबाईंच्या कानावर आले की ‘द ग्रुप’ भलत्याच माणसाने लिहिले असे लोक म्हणतात. त्यांनी अ‍ॅडम्सला साक्ष देण्याची विनंती केली. तो बॉस्टन अथेनियम ग्रंथालयात गेला, तिथली प्रत काढून हे नाटक मर्सी वॉरनचे आहे असे त्याने तिच्यावर स्वतः लिहिले, आणि पात्रांपुढे खऱ्या माणसांची नावेही टाकली. सॅपलिंग म्हणजे टॉमस, हे आपल्याला ठाऊक आहे ते त्या नोंदींवरून. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला बाई वारल्या.

कळावे, लोभ असावा.