कूलर फुल स्पीडवर असताना बाँड ऐकणे

जेम्स बाँडच्या पिक्चरमधलं बॅकग्राऊंड म्युझिक कुठलं भारी अन् कुठलं भंगार याची यादी कुणाला करायची असेल तर त्याने ती डिसेंबरात करावी. मे महिन्यात अमळनेरात करू नये. मे महिन्यात आमच्या घरात जे काही वाजतं ते कूलरच्या मागून वाजतं, अन् आमचा कूलर म्हणजे तो प्लॅस्टिकचा नाजूकसा टॉवर नाही बरं का, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला पत्र्याचा कूलर आहे, तीन बाजूंनी गवत, आत ट्रकला शोभेल असा पंखा, तो चालू झाला की शेजारच्या काकू त्यांच्या घरातल्या टीव्हीचा आवाज वाढवतात.

पण भाचा पुण्याहून सुट्टीला आला, बाहेर ४४ डिग्री, दुपारी अकरा ते पाच घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही, मग वाद घालायला विषय तर पाहिजे. तो म्हणाला, मामा, जॉन बॅरी, म्हणजे जुन्या बाँडपटांचा तो संगीतकार, ओव्हररेटेड आहे. आता घरी आलेल्या भाच्याला मारता येत नाही. मी म्हटलं ठीक आहे, पहिल्यापासून सगळे बघू, १९६२ च्या ‘डॉ. नो’ पासून २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’ पर्यंत पंचवीसच्या पंचवीस, अन् नंबर लावू. ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ धरायचा नाही, तो दुसऱ्या कंपनीचा, यावर आमचं एकमत झालं आणि एकमत तिथेच संपलं. बायकोने फक्त एक नियम घातला. प्रत्येक पिक्चरनंतर जो वादात हरेल त्याने कूलरमध्ये पाणी टाकायचं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही त्यामुळे हे पाणी मागच्या टाकीतून बादलीने आणायचं असतं, मागचं अंगण तापलेलं असतं, आणि चप्पल नेमकी पुढच्या दाराला असते.

भाच्याकडे ते बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन होते. मी ते वापरायला बंदी घातली. त्याला म्हटलं, जे संगीत कूलरमधून पार होऊन सोफ्यापर्यंत पोचतं तेच खरं. हा निकष मी स्वतःच्या फायद्यासाठी काढला होता, कारण जॉन बॅरीचे ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन कूलरला दाद देत नाहीत हे मला लहानपणापासून माहीत आहे. १९६४ चा ‘गोल्डफिंगर’ लावा, ते पहिले दोन सूर असे फाडकन येतात की आमची आई माडीवर कुरडया पसरवत होती तिथून ओरडली, “काय वाजाडी राह्यना रे तू?” माडीपर्यंत! टायटलचं गाणं गाणाऱ्या शर्ली बॅसीबाईंचा आवाज तर पुढच्या गल्लीत गेला असणार. भाचा गुपचूप बादली घेऊन उठला.

खरी मजा पहिल्याच पिक्चरला आली होती, ती सांगायची राहिली. ती जगप्रसिद्ध धून, डिंग-डिगिडिंग-डिंग, ही मुळात बाँडसाठी झालेलीच नाही. माँटी नॉर्मन नावाचा माणूस व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीवर संगीत नाटक करायला निघाला होता, त्रिनिदादमधल्या आपल्या भारतीय माणसांची गोष्ट. त्यातलं एक गाणं होतं, एक माणूस म्हणतो की मी जन्मताच एक अपशकुनी शिंक घेऊन आलो. नाटक काही उभं राहिलं नाही, गाणं खणात पडलं, आणि बाँडचं काम आलं तेव्हा नॉर्मनने तेच बाहेर काढलं, शब्द काढून टाकले, मग जॉन बॅरीने त्याचं अरेंजमेंट केलं, व्हिक फ्लिकने गिटारवर वाजवलं, अन् झालं काम. म्हणजे गेली साठ वर्षं तो टक्सेडोवाला माणूस पिस्तूल काढतो तेव्हा मागे खरं तर एका आपल्याच माणसाची शिंक वाजतेय. मी हे आईला सांगितलं. आमच्या घरी कुणी निघताना शिंकलं तर आई त्याला परत बसवते, पाणी पाजते, मग सोडते. तिने टीव्हीकडे बघितलं, बाँड ऐटीत दाराबाहेर पडत होता, अन् म्हणाली, “मंग बसाडा ना त्याले दोन मिनिट.”

ती धून नक्की कुणाची यावरून पुढे कोर्टकचेरी पण झाली. लंडनच्या एका पेपरने छापलं की खरं काम बॅरीचं, नॉर्मनने केस टाकली, २००१ मध्ये ज्युरीने नॉर्मनच्या बाजूने निकाल दिला अन् ३० हजार पाउंड मिळाले. भाचा म्हणे, बघा, तुमचा बॅरी हरला. मी म्हटलं, बॅरी आरोपी नव्हताच रे बाबा, पेपर हरला. बादलीचा निर्णय राखून ठेवण्यात आला.

माझा एक नंबर मात्र ठरलेलाच होता. १९६९ चा ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’. बाँड म्हणून तो नवीन माणूस, लेझनबी, एकाच पिक्चरमध्ये आला अन् गेला, लोक त्याला नावं ठेवतात, ठेवू द्या. पण टायटलला गाणं नाही, गायक नाही, नुसता ऑर्केस्ट्रा, आणि खाली त्या वेळी नवाकोरा असलेला मूग नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारं वाद्य, घरंघरं करत एकेक पायरी उतरतो, वर ब्रास, म्हणजे ते ट्रम्पेट-ट्रॉम्बोन. इथे आमच्या कूलरने कमाल केली. कूलरचा अन् त्या मूगचा सूर लागला! तानपुऱ्याने षड्ज धरून ठेवावा तसा कूलर खाली घुमतोय आणि त्याच्यावर बॅरी चढतोय, मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. भाच्याने तेवढ्यात कूलरचा स्पीड कमी केला तर सूर उतरला. मी परत फुल केला. हे असं ऐकायला लंडनमध्ये मिळणार नाही, तिथे कूलर नाहीत.

भाच्याचा आक्षेप वेगळाच निघाला. म्हणे, मामा, तुम्ही म्युझिकला नाही, बर्फाला मार्क देताय. कारण त्या पिक्चरमध्ये आल्प्सच्या बर्फात स्कीइंग आहे. यात तथ्य आहे हे मी कबूल करणार नव्हतो, पण ४४ डिग्रीत बर्फ दिसला की कुठलंही व्हायोलिन जरा बरं वाजतं. तरी माझ्या बाजूने एक पुरावा आहे. १९८५ च्या ‘अ व्ह्यू टू अ किल’ मध्येही सुरुवातीला बर्फच बर्फ, बाँड जीव मुठीत धरून घसरतोय, अन् मध्येच मागे समुद्रकिनाऱ्यावरचं ‘कॅलिफोर्निया गर्ल्स’ वाजायला लागतं. बर्फ असून मी शून्य मार्क दिले. बाकी त्यात बॅरीचं काम चांगलं आहे, टायटलचं ड्युरान ड्युरानचं गाणं तर अमेरिकेत एक नंबरला गेलेलं, पण तेवढा तो एक तुकडा ऐकला की वाटतं एडिटिंग रूममध्ये कुणीतरी चुकून रेडिओच्या बटणावर बसलं.

१९७७ च्या ‘द स्पाय हू लव्हड मी’ चं मार्व्हिन हॅमलिशने डिस्को करून टाकलंय. शुद्ध बॅरीवाले लोक त्याला शिव्या घालतात. मला आवडतं. त्यातला प्रसंग बघा, बाँड स्कीवरून पळतोय, डिस्को फुल्ल जोरात, पुढे कडा आला, त्याने उडी मारली आणि म्युझिक एकदम बंद! कितीतरी वेळ तो नुसता पडतोय, आवाज नाही. मग पॅराशूट उघडतं, त्याच्यावर ब्रिटनचा झेंडा, आणि तेव्हा बाँडची धून. काय डोकं आहे! आमच्याकडे अर्थात त्या शांततेत कूलर वाजत होता आणि वरून दोन पायली उडदाच्या पापडाचं पीठ कुटल्याचा ठोका येत होता. पण हेतू कळला.

‘मूनरेकर’, ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’, दोन्ही बॅरी, दोन्ही अंतराळात जाणारे, दोन्ही वरच्या फळीत, वाद नाही. ‘लिव्ह अँड लेट डाय’ बीटल्सचा प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन याने केला, तोही वर. ‘फॉर युअर आइज ओन्ली’ बिल काँटीचा, हा तोच ‘रॉकी’ वाला, ऐकताना सारखं वाटतं बाँड आता जिना चढून हात वर करेल. मधल्या फळीत टाकला. ‘ऑक्टोपसी’ ला आई खाली आली, कारण उदयपूर. त्यात आपला टेनिसवाला विजय अमृतराज गारुडी बनून बसलाय आणि पुंगीवर बाँडची धून वाजवतो, खुणेची म्हणून. बाँडला ती कळते. आईलाही कळली, इतके दिवस ऐकून ऐकून. म्हणाली, “हाऊ तं शिंकवाला शे.”

आता खालच्या टोकाकडे येऊ, तिथे जास्त रक्त सांडलं.

१९९५ चा ‘गोल्डनआय’. पिक्चर झकास आहे. म्युझिक एरिक सेरा नावाच्या फ्रेंच माणसाचं. त्याने ऑर्केस्ट्रा बऱ्यापैकी बाजूला ठेवून सिंथेसायझर आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज घेतलेत. खण्ण. टंग. घुर्रर्र. पुन्हा खण्ण. आम्ही दोघं गंभीर चेहऱ्याने ऐकत बसलेलो, तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली, कूलरपाशी थांबली, कान दिला, म्हणाली मोटर गेली वाटतं, आणि मी काही बोलायच्या आत तिने कूलरवाल्याला फोन लावला. तो माणूस बिचारा भर उन्हात, डोक्याला उपरणं गुंडाळून, सायकलवर आला. उभ्यानेच तांब्याभर पाणी प्यायला. मग मागच्या बाजूने गवताची जाळी काढली, पंपाला हात लावला, नळीतून पाणी कसं पडतंय ते बघितलं, पंख्याच्या शाफ्टला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याचं मागचं टोक कानाला लावलं, डॉक्टर पण एवढं लक्ष देऊन तपासत नाहीत. तोपर्यंत आत टीव्हीवर खण्ण टंग चालूच. तो पाच मिनिटं विचार करत उभा राहिला. मग खिडकीतून आत डोकावून मला म्हणाला, “भाऊ, मोटर टनाटन शे. तुमना टीव्ही दखाडी ल्या.”

यापेक्षा नेमकी समीक्षा ‘गोल्डनआय’ वर झाली असेल असं मला वाटत नाही. अन् हे नुसतं आमच्या कूलरवाल्याचं मत नाही बरं का, प्रोड्यूसर लोकांनाही ते जाणवलेलं, सेंट पीटर्सबर्गमध्ये बाँड रणगाडा घेऊन रस्त्यावरून सुटतो त्या सीनला सेराचं म्युझिक बाजूला ठेवलं आणि जॉन ऑल्टमनकडून बाँडची धून घेऊन नवीन करून घेतलं. भाचा तरी म्हणे तो काळाच्या पुढे होता. असेल. पुढेच राहू दे.

भाच्याचा हुकमी एक्का होता डेव्हिड अर्नोल्ड, पाच पिक्चरवाला, आणि त्यातला २००६ चा ‘कसिनो रोयाल’. यातली युक्ती खरंच भारी आहे. बाँड अजून पूर्ण बाँड झालेला नाही म्हणून पूर्ण पिक्चरभर ती धून धड वाजतच नाही, नुसते तुकडे, जरा सुरुवात होते अन् वळून दुसरीकडे जाते, आणि अगदी शेवटच्या सीनला तो स्वतःचं नाव सांगतो तेव्हा धून संपूर्ण येते. १४४ मिनिटांचा पिक्चर. आम्ही १४४ मिनिटं बसलो. भाचा सारखा म्हणत होता, मामा, थांबा, आता बघा. शेवटचा सीन आला, तो बंगला, तो जखमी म्हातारा जिन्याकडे सरपटतोय, बाँड बंदूक घेऊन उभा, तोंड उघडलं, “द नेम्स बाँड...” आणि लाईट गेली.

इन्व्हर्टरवर आमच्याकडे एक पंखा आणि एक ट्यूब आहे, टीव्ही नाही. भाचा अक्षरशः रडवेला झाला. मी तोंडाने वाजवून दाखवली. त्याला ते आवडलं नाही. पण कूलर बंद झाल्यामुळे घरात इतकी शांतता झाली की त्याने मोबाइलवर २०१२ च्या ‘स्कायफॉल’ चं म्युझिक लावलं, थॉमस न्यूमनचं, ज्याला मी आदल्या दिवशी शेवटून तिसरा नंबर दिलेला, कारण कूलर फुल स्पीडवर असताना मला फक्त ज्युडी डेंचचे ओठ हलताना दिसलेले. आता ऐकलं तर काय बारीक काम आहे हो! हळूहळू पुढे सरकणारी तालाची नाडी, मागे कुठेतरी एकच तार. अडेलच्या गाण्याला ऑस्कर मिळालं हे सगळ्यांना माहीत, न्यूमनला पण नॉमिनेशन होतं. मी त्याला बारा जागा वर नेला. मग घामाने बनियन पाठीला चिकटला, दहा मिनिटांत डोळ्यांत खारट पाणी, आणि मला ते म्युझिक सहन होईना. लाईट आल्यावर त्याला परत पाच जागा खाली आणला. ‘स्पेक्टर’ मध्ये मात्र त्याने ‘स्कायफॉल’ चेच बरेच तुकडे परत वापरलेत, तिथे भाच्याकडेही बोलायला काही नव्हतं, गपचूप बादली.

शेवटी हॅन्स झिमर, २०२१ चा ‘नो टाइम टू डाय’. चांगलंय. पण त्यातलं अंगावर काटा आणणारं जे आहे ते लुई आर्मस्ट्राँगचं जुनं गाणं, आणि ते आलंय १९६९ मधून, माझ्या एक नंबरवाल्या पिक्चरमधून. मी हे इतक्या वेळा सांगितलं की भाचा उठून माडीवर कुरडया राखायला गेला.

यादी झाली, पापडाच्या सामानाच्या चिठ्ठीमागे लिहिली, एक नंबर पक्का, दोन नंबरला ‘गोल्डफिंगर’ की ‘कसिनो रोयाल’ यावर रात्री बारापर्यंत भांडण, आणि पंचविसावा ‘गोल्डनआय’. भाचा सही करेना. बायकोला लवाद म्हणून बोलावलं. ती म्हणाली, ‘गोल्डनआय’ शेवटचा नाही द्यायचा, त्याच्यामुळे माणूस घरी आला, आलाच होता म्हणून त्याने गवत बदललं, पंख्याला तेल टाकलं, अन् बोलावलं कशाला ते ऐकून हसत हसत पैसे पण घेतले नाहीत, एवढं काम कुठल्या पिक्चरने केलंय? मग पंचविसावा कुठला? तर १९७४ चा ‘द मॅन विथ द गोल्डन गन’. त्यात मोडक्या पुलावरून गाडी हवेत पूर्ण गिरकी घेऊन पलीकडे जाते, खरी गाडी, कॉम्प्युटरवर गणित मांडून केलेला, एकाच टेकमध्ये झालेला स्टंट, आणि त्याच्यावर आवाज काय टाकलाय तर सर्कशीतल्या जोकरच्या शिट्टीचा, पिऽऽऊप! तो आवाज आला तेव्हा आईने वरून विचारलेलं, “पोऱ्हे उनात का जत्रामाईन?” म्हणजे पोरं जत्रेतून आली का? सखाराम महाराजांच्या यात्रेचे दिवस, नदीपात्रात सगळीकडे तसल्याच शिट्ट्या विकायला असतात. बॅरीलाही पुढे त्याचा पस्तावा झाला होता. तरी तो बॅरी आहे, माझा बॅरी, मी खूप बाजू मांडली, की बाकीचं म्युझिक ऐका, त्याने हे सगळं घाईत केलेलं, एका शिट्टीसाठी एवढी शिक्षा नको.

दोन विरुद्ध एक. चप्पल पुढच्या दाराला होती.