एका कपाटात इतके विषय कशासाठी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय गुरुजी,

सादर नमस्कार. खानदेशातील गावोगावच्या वाचनालयांसाठी मी सुचविलेल्या पुस्तकांच्या यादीवर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. बहिणाबाई, बालकवी आणि नेमाडे यांच्या शेजारी शेतीच्या अवजारांचा कोश, इंग्रज सरकारचे गॅझेटिअर (म्हणजे प्रदेशाची सविस्तर माहिती नोंदविणारा सरकारी ग्रंथ), जुन्या गावाच्या व्यवस्थेवरचा ‘गावगाडा’ आणि विचारवंत शरद पाटलांचा ग्रंथ मांडल्याने यादीला काही मध्यच उरलेला नाही, असा आपला मुख्य आक्षेप आहे. नव्या वाचकाला आधी निखळ साहित्याची गोडी लागावी, समाजाचा अभ्यास त्याने पुढे सवडीने करावा, असे आपण म्हणता. सुतारकी-लोहारकी हाताने शिकायची असते, ती पुस्तकातून कोणाला आलेली नाही, हा आपला दुसरा आक्षेप. चार दशके वर्गात मराठी शिकविलेल्या माणसाचे हे म्हणणे असल्यामुळे त्याचे उत्तर थोडक्यात उरकणे मला योग्य वाटत नाही.

आपल्याच आवडीच्या कवितेपासून सुरुवात करतो. बहिणाबाईंच्या मोटेच्या गाण्यात विहिरीवरच्या दोन मोटा, म्हणजे बैलांच्या ओढीने पाणी काढायच्या कातडी पिशव्या आहेत, कणा आणि चाक आहे, नाडा आणि समदूर हे दोर आहेत, बैलांची ओढ आहे, उतरणी-चढणीची धाव आहे. प्रत्येक कडव्यात दोन गोष्टी समोर येतात आणि दोहोंमधले एकच एक तत्त्व त्या दाखवून देतात, आणि शेवटी मोट हाकणारा एक असला तरी पोसले जाणारे जीव कितीतरी, इथवर गाणे पोहोचते. आता आज नववीत शिकणाऱ्या मुलाने मोट पाहिलेलीच नाही. बैल उताराने खाली जातात तेव्हा भरलेली मोट वर येते आणि त्याच वाटेने ते मागे सरकत चढतात तेव्हा रिकामी मोट विहिरीत उतरते, हे त्याला ठाऊक नसेल तर नावे दोन आणि धाव एक, ही बहिणाबाईंची उमज त्याच्यासाठी नुसती शब्दांची जुळणी राहते. जाड नाडा मोटेचे तोंड उचलतो आणि बारीक समदूर तिची सोंड सांभाळतो, दोघेही चाकांवरून सारखेच झिजतात, हे कळल्याशिवाय त्या दोघांच्या झिजेबद्दलचे कडवे कळायचे कसे? डॉ. रमेश सूर्यवंशी यांचा ‘खानदेशातील कृषक जीवन सचित्र कोश’ मी बहिणाबाईंच्या शेजारी ठेवला तो एवढ्याचसाठी. त्या कोशाला आपण साहित्याबाहेरचे पुस्तक म्हणता. माझ्या मते आपल्या भागातल्या कवितेवर त्याच्याइतकी उपयोगी टीका दुसरी नाही.

मात्र कोश तिथवरच नेतो. मोट कातड्याची असे. ती शिवण्याचे काम चांभाराकडे आणि दोर-नाडे वळण्याचे काम मांगाकडे असे, आणि त्याचा मोबदला सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. ज्या हातांनी मोट शिवली आणि नाडा वळला, त्या हातांना गावच्या पाणवठ्याला स्पर्श करण्याची मनाई होती. त्या एका मोटेवर किती जीव पोसले जातात हे गाणे सांगते, ते अगदी खरे आहे आणि मराठीत त्याहून सुंदर रीतीने कोणी सांगितलेले नाही. पण पोसल्या जाणाऱ्यांपैकी कोणाला ओंजळ पुढे करून दुरून पाणी मागावे लागत होते, हे त्या गाण्यात नाही आणि ते असावे अशी अपेक्षाही मी करीत नाही. त्यासाठी वेगळे पुस्तक हातात घ्यावे लागते. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ 1915 सालचा. त्यात बलुतेदार-अलुतेदारांची, म्हणजे धान्याच्या मोबदल्यात गावाची कामे करणाऱ्या कारागीर-सेवकांची कामे, हक्क आणि देणी-घेणी इतक्या बारकाईने नोंदविली आहेत की, शंभर वर्षांनंतरही त्याला पर्याय सापडत नाही. पण आत्र्यांची नजर महसूल खात्यातल्या माणसाची, आणि ओढा कुणब्याकडे. म्हणून दया पवारांचे ‘बलुतं’ मी त्याच्या लगत ठेवले. 1978 साली आलेल्या त्या आत्मकथनात हीच व्यवस्था बलुते घेणाऱ्याच्या बाजूने दिसते. ही दोन्ही पुस्तके खानदेशाबाहेरची आहेत, असा आपण उल्लेख केला आहे. तसे असले तरी बलुत्याची रीत तापीकाठी वेगळी आणि प्रवरेकाठी वेगळी नव्हती.

माझे म्हणणे एवढेच आहे की, आपल्या मुलखात कविता, काम आणि कामामागची माणसांची उतरंड ही एकाच वस्तूत सामावलेली असतात, आणि यांपैकी एकच सांगणारे पुस्तक वाचले तर वाचकाची फसगत होते. नुसती कविता वाचणाऱ्याला जुना गाव गोकुळासारखा भासतो. नुसता समाजाचा इतिहास वाचणाऱ्याला तिथे दुःखाखेरीज काही नव्हते असे वाटते, आणि त्या माणसांच्या हातातले कसब त्याच्या नजरेतून निसटते. बहिणाबाईंचा सुगरणीचा खोपा आठवावा. पाखराला चोचीखेरीज हत्यार नाही आणि माणसाला दोन हात, दहा बोटे दिली आहेत, हे तिथे ज्या अभिमानाने येते तो कारागिरीचा अभिमान आहे. तो ऐन बालपणी मुलांच्या मनात रुजावा, आणि तो कोणाकोणाला नाकारला गेला हेही त्यांना त्याच वयात कळावे.

गॅझेटिअरबद्दल आपण विशेष नाराज दिसता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशावरचा बारावा खंड 1880 साली निघाला. तो राज्यकर्त्यांनी राज्य चालविण्यासाठी लिहिला, हे आपले म्हणणे बरोबरच आहे, आणि भिल्लांविषयीची त्यातली भाषा वाचताना आजही संताप येतो. पण एरंडोल आणि यावल इथे हाताने कागद बनत असे, यावलच्या निळीला नाव होते, फैजपूरचे रंगारी गडद निळ्या आणि तांबड्या रंगांसाठी ओळखले जात, या गोष्टी मला पहिल्यांदा सरकारी गॅझेटिअरांतच भेटल्या. माझ्या शाळेत त्या कोणी सांगितल्या नव्हत्या. त्याच 1880 साली आसोद्याला बहिणाबाईंचा जन्म झाला. अक्षरओळख नसलेल्या या बाईने पुढे छापखान्यावर गाणे रचले आणि छापल्यावर कोरा कागद शहाणा होतो, माणूस मात्र वेडाच राहतो, असे त्यात म्हटले. तिची स्वतःची गाणी कागदावर आली ती तिच्या निधनानंतर, 1952 साली, तिचा मुलगा कवी सोपानदेव यांच्या धडपडीने आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. ज्या भागात कागद तयार होत होता तिथल्याच कवयित्रीला आपले पुस्तक पाहायला मिळाले नाही, हे मला फार लागते, आणि ते लक्षात आले ते ही दोन पुस्तके एकाच टेबलावर ठेवल्यामुळे. राहिला भिल्लांचा प्रश्न. त्यांना ‘सुधारण्या’साठी 1825 साली भिल्ल पलटण उभारणाऱ्या इंग्रजांच्या वारसांनी त्यांचे जे वर्णन केले, त्याला उत्तर म्हणून वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह यादीत आहे. गॅझेटिअर वाचणाऱ्याने तो वाचल्याखेरीज राहू नये.

बालकवींच्या बाबतीत मात्र माझा आपल्याशी काहीही वाद नाही. धरणगावात 1890 साली जन्मलेला आणि 1918 साली भादली स्टेशनाजवळ अपघाती गेलेला हा कवी निव्वळ आनंदासाठी वाचावा. त्याच्या शेजारी कोणताही कोश ठेवण्याची गरज नाही.

आता हातकामाविषयी. पुस्तक वाचून कोणी सुतार होत नाही, हे मलाही मान्य आहे. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, म्हणजे चाकावरचे कडे, तापवून लाल करायची, चाकावर चढवायची आणि ती आवळण्यासाठी नेमके केव्हा पाणी ओतायचे, हे शेजारी उभे राहूनच कळते. पण कसब पुस्तकात नसण्यामागे हे एवढेच कारण नव्हते. ज्यांच्या हातात कसब होते त्यांच्या हाती लेखणी येऊ दिली गेली नाही आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांना तुंबा, आरे आणि पाटे या चाकाच्या भागांविषयी लिहिणे कमी प्रतीचे वाटले. ज्ञान आणि श्रम यांची ही फारकत कशी झाली, याचा ठाव घेण्यासाठी धुळ्याच्या शरद पाटलांनी ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला. तो कठीण आहे, त्याची भाषा वाचकाला सवलत देत नाही, आणि त्यातले सगळेच निष्कर्ष मला पटतात असेही नाही. तरीही तो यादीतून काढावा असे मला वाटत नाही. उलट नेमाड्यांची ‘हिंदू’ ही कादंबरी वाचणाऱ्याला, म्हणजे तिचा नायक खंडेराव याच्यासोबत त्याच्या गावी मोरगावला परतणाऱ्याला, त्या गावातली जाती-व्यवसायांची दाट वीण उलगडायला पाटलांचीच मदत होईल.

आपल्या वाचनालयाच्या अपुऱ्या अनुदानात यांतले काय घ्यावे, असे आपण शेवटी विचारले आहे. गॅझेटिअरवर एक रुपयाही खर्च करू नये. ते संगणकावर फुकट वाचता येते, हवी ती पाने छापून घ्यावीत. बहिणाबाईंची गाणी आपल्याकडे असतीलच. एक जादा प्रत घ्यावी, कारण पहिली फाटलेली असणार. त्यानंतर कृषक जीवनाचा कोश, ‘गावगाडा’ आणि ‘बलुतं’ या क्रमाने घ्यावीत, ‘गोधड’ जिथे मिळेल तिथून मिळवावा, आणि शरद पाटलांचा ग्रंथ शिक्षकांसाठी पुढच्या वर्षी. कोश तेवढा कपाटात बंद न करता बाहेरच्या टेबलावर ठेवावा. गावातले ज्येष्ठ वर्तमानपत्र वाचायला येतात तेव्हा त्यांनी त्यातली चित्रे चाळावीत, आपल्या गावच्या मोटेत, वखरात किंवा तिफनीत काय वेगळे होते ते सांगावे, आणि आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी ते वहीत उतरवून घ्यावे.

आपला नम्र,
या ब्लॉगचा लेखक