"फवारणी करून आला का जी?"

ऑगस्ट लागला, कपाशी कमरेला आली की मला 2017 आठवतं. त्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले.

मी आरोग्यसेवक. तेव्हा ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो, तिथं एक परिचर मावशी होत्या. त्यांच्या हाताखाली कुणीच नव्हतं. उलटी, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं सांगत कुणी बाकड्यावर बसला की केसपेपर निघायच्या आधी मावशी विचारायच्या, "फवारणी करून आला का जी?" 'हो' आलं की डॉक्टरांना हाक, आणि तोवर त्याचा ओला सदरा उतरवून साबणानं अंग धुवायला लावायच्या. हे विष कातडीतूनही अंगात जातं, भिजलेले कपडे अंगावर असेपर्यंत जातच राहतं. डॉक्टरांनी एका पेशंटच्या वेळी हे सांगितलं होतं. ऐकलं आम्ही सगळ्यांनी, पण रोजची रीत केली ती मावशींनी. पुढे त्या लसीकरणाला आलेल्या आशाताईंनाही गाठून सांगू लागल्या, गावात बायकांना सांगा म्हणून.

एका वरिष्ठांनी त्यांना सुनावलं, "तुमचं काम साफसफाईचं." मावशी गप्प राहिल्या, विचारणं मात्र सोडलं नाही. आमचे डॉक्टर समजदार. त्यांनी तोच प्रश्न कागदावर लिहून ओपीडीच्या टेबलावर चिकटवला. साहेबानं करावं ते एवढंच, पण त्यामुळे मावशींच्या शब्दाला वजन आलं.

माझ्या लेखी नेतृत्व म्हणजे हे. सरकारी नोकरीत आपण ते पदाला बांधून ठेवलंय. आढावा बैठकीत परिचर चहा घेऊन येतो आणि दार ओढून निघून जातो. बाकड्यावर काय चाललंय हे सगळ्यात आधी त्यालाच दिसतं, तरी त्याला कुणी विचारत नाही. महिन्यातून एकदा एका परिचराला, एका आशाताईला खुर्ची द्या आणि आधी त्यांना बोलू द्या.

आणि हो, पुढाकार म्हणजे फुकटची राबणूक नव्हे. आशा 2005 पासून कागदावर 'स्वयंसेविका' आहे, पगार नाही, मोबदला. तोही थकवायचा आणि वर पुढाकाराची अपेक्षा ठेवायची, हे मला पटत नाही.

मावशी निवृत्त झाल्या तेव्हा शाल-श्रीफळ दिलं, भाषणं झाली. त्या प्रश्नाचा उल्लेख कुणीच केला नाही. मीही बोललो होतो त्या दिवशी, माझ्याही तोंडून तो निघाला नाही. ती खंत आहे, म्हणून आज लिहितोय.