दंडाचे माप

आज दुपारी भाचीचा ब्लाउज आणायला शिंप्याकडे गेले होते. पुढच्या आठवड्यात घरात लग्न आहे. तिने तो तिथेच घालून पाहिला आणि बाही दंडावर अर्ध्यात अडकली. शिंपीकाकांनी टेप लावला, आकडा पाहिला, पुन्हा लावला आणि तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "ताई, हिला जरा वजनं उचलणं कमी करायला सांगा. हल्लीच्या मुलींना काय काय वेड लागतं!" सतरा वर्षांची मुलगी मान खाली घालून बाही सोडवत राहिली आणि मी एक शब्दही बोलले नाही. ते दुपारपासून मनात सलते आहे.

मला सर्वांत जास्त खटकला तो 'हल्ली' हा शब्द. १९८९ साली, कॉलेजच्या व्यायामशाळेत कोणी नाही असे पाहून, मी पहिल्यांदा लोखंडी बार उचलला होता. नुसता बार, त्यावर एकही प्लेट नाही. तो छातीपर्यंत आला आणि मागून सरांचा आवाज आला, "ठेव तो खाली! गर्भाची पिशवी सरकली तर उद्या तुझ्या आईला कोण उत्तर देणार?" मी बार ठेवला आणि त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकले नाही. त्याच वर्षी मँचेस्टरला महिलांच्या जागतिक भारोत्तोलन स्पर्धेत मणिपूरच्या कुंजराणी देवीने ४४ किलो गटात रौप्यपदक मिळवले, हे मला कित्येक वर्षांनी कळले.

पुरुषांची जागतिक स्पर्धा १८९१ साली लंडनमध्ये झाली आणि १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्येही भारोत्तोलन होते. बायकांत तेव्हा ताकद नव्हती काय? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केटी सँडविना ही बाई अमेरिकेत बार्नम अँड बेली सर्कशीत आपल्या नवऱ्याला एका हाताने डोक्यावर उचलून धरत असे आणि लोक तिकीट काढून ते पाहत असत. तिकीट लावून दाखवायला बाईची ताकद चालत होती. पंच बसवून, किलोत मोजून तिच्या नावापुढे लिहायची म्हटले की सगळ्यांना तिच्या पिशवीची काळजी पडत होती. पॉवरलिफ्टिंगमध्ये, म्हणजे वजन डोक्यावर न नेता उचलण्याच्या खेळात, महिलांची जागतिक स्पर्धा व्हायला १९८० साल उजाडले आणि भारोत्तोलनात १९८७, फ्लोरिडातील डेटोना बीच येथे. ऑलिंपिकला तर २००० सालचे सिडनी यावे लागले. पुरुषांनंतर तब्बल एकशे चार वर्षांनी!

कर्णम मल्लेश्वरीचा विचार केला की माझा राग आणखी वाढतो. १९९४ आणि १९९५ अशी दोन वर्षे ती ५४ किलो गटात जगज्जेती होती, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे भारोत्तोलन होते, महिलांचे नव्हते. ऐन बहरातली जगज्जेती घरी बसली. सिडनीत ती ६९ किलो गटात उतरली, स्नॅचमध्ये (एका दमात थेट डोक्यावर) ११० आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३० किलो उचलून तिने कांस्यपदक आणले. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. सुवर्णपदक अवघ्या अडीच किलोंनी दूर राहिले. ती चार वर्षे तिला कोणी परत दिली?

या खेळाला उत्तेजक द्रव्यांचा डाग आहे आणि सिडनीतच ४८ किलो गटातले सुवर्णपदक त्यापायी काढून घ्यावे लागले, हे मान्य. पण तो डाग पुरुषांच्या बाजूलाही तितकाच काळा आहे, आणि त्यांना कोणी ब्लाउजच्या मापावरून बोलत नाही.

लोणावळा लोकलने जाताना वडगाव स्टेशन लागते. त्या वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २ मे २०२२ रोजी ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे ४५ किलो गटात एकूण १५३ किलो उचलून कनिष्ठ गटाचे जागतिक सुवर्णपदक जिंकले. असे पदक मिळवणारी ती पहिली भारतीय. माझी भाची तिचे व्हिडिओ थांबवून थांबवून पाहते, विशेषतः बारखाली बसतानाची पावले.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. शिंपीकाका माणूस वाईट नाही. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांचे कपडे त्यांनी शिवले आहेत. सरांनाही कदाचित खरोखरच भीती वाटली असेल. त्या दिवशी रडत घरी येऊन मी आईला सगळे सांगितले होते. ती भाकरी थापत होती. सरांबद्दल ती काहीच बोलली नाही. तव्यावरची भाकरी उलटून तिने एवढेच विचारले, "किती किलोचा होता गं?" वीस, म्हणाले. "आणि उचललास?" मी हो म्हटले, तेव्हा तिने माझा तळहात ओढून घेतला आणि पिठाच्या बोटांनी त्यावरचा लाल वळ चाचपून पाहिला.

भाचीच्या तळहातांवर आता वळ उठत नाहीत, घट्टे पडले आहेत. तिला मी सांगितले आहे की उद्याचा सराव बुडवायचा नाही. ब्लाउज माझ्याजवळ आहे. काकांनी शिवणीत माया बरीच ठेवली आहे, दोन्ही बाह्या आज रात्री मीच उसवते आहे.