पोट्ट्याला पीकेव्हीतच कसं धाडावं

बारावीच्या निकालापर्यंत थांबाल तर पस्तावाल. पोट्टं अंगणवाडीत असतानाच कामाला लागा. पंजाबराव देशमुख देशाचे कृषिमंत्री होते, हे त्याला सावकाश कळलं तरी चालेल. त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ, म्हणजेच पीकेव्ही, 1969 साली अकोल्यात झालं आणि तिथं आपले बाबा शिकले, एवढं मात्र पाढ्यांच्या आधी पाठ झालं पाहिजे.

दरवर्षी विद्यापीठात शिवारफेरी असते. बाकीचे शेतकरी कपाशीचे, सोयाबीनचे, तुरीचे वाण पाहत हिंडतात. तुम्ही त्यात वेळ घालवू नका. लेकराला थेट होस्टेलपुढं उभं करा.

"थे पाय, वरच्या मजल्यावरची तिसरी खिडकी. तिथं आमी रातच्या दोन वाजता स्टोव्हवर खिचडी मांडो."

खिडकीत कुणाची तरी बनियन वाळत असेल. तिच्याकडं पाहून तुमचा गळा दाटून येईल. लेकरू विचारेल, "बाबा, इथं आइस्क्रीम कुठं भेटते?" खचू नका. मुरायला वेळ लागतो.

वाटेचाही उपयोग करून घ्या. तुम्ही दारव्ह्याहून शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीनं मूर्तिजापूर गाठायचे आणि तिथून अकोल्याची मोठी गाडी धरायचे. शकुंतला आता बंद पडली. तरी एसटीतून जाताना गवतात बुडालेले रूळ दाखवा आणि गाडी इतकी हळू चालायची की उतरून बोरं तोडून पुन्हा चढता यायचं, हे दरवेळी सांगा. पोरगं म्हणालं, "हे तं मागंच सांगतलं तुमी," तर बोरांच्या जागी चिंचा घाला.

बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा फोटो 'भावी पीकेव्हीकर' म्हणून टाका. त्याला विचारायची गरज नाही. फोटो त्याचा असला तरी ग्रुप तुमचा आहे.

एक पथ्य मात्र कडक पाळा. सकाळी पानठेल्यावर तुम्ही म्हणता, शेतीत आता काही राम नाही, बोंडअळीनं खाल्लं अन् उरलं ते भावानं. रात्री ताटावर बसून म्हणता, बी.एस्सी. अ‍ॅग्रीसारखं शिक्षण नाही. ही दोन वाक्यं एका बैठकीत येऊ देऊ नका. आजकालचे पोट्टे जोड लावतात.

घरात आणखी एक पदवीधर बाई असतात. त्या अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात शिकल्या, जे 1923 साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालं, म्हणजे तुमच्या विद्यापीठाहून चांगलं शेहेचाळीस वर्षांनी थोरलं. लेकरानं आपल्या कॉलेजात जावं असं त्यांनाही वाटत असेल का, हा प्रश्न मनात येताच चहा टाकायला सांगा. प्रश्न निघून जातो.

पोरगं पुण्याला कंप्युटर शिकायचं म्हणेल. ऐकून न ऐकल्यासारखं करा. कृषी विद्यापीठं राज्यात चार आहेत, तेव्हा राहुरी, परभणी, दापोली ही नावं काढली तर मोठ्या मनानं ऐका आणि "तिकडची माती आपल्याले मानवत नाही" म्हणा. तुम्ही दापोली पाहिलेली नसली तरी बिघडत नाही.

तुमच्या वेळी बारावीच्या मार्कांवर भागलं. आता सीईटी आहे, पर्सेंटाइल आहे, कॅपच्या फेऱ्या आहेत. (स्वतःलाच पुन्हा अर्ज भरता आला असता, तर तुम्ही पोराच्या मागं लागलाच नसता. पण फिजिक्सचा पेपर कोण देईल?) सातबारा जोडायला विसरू नका, ज्या वावरानं आजवर कर्जाशिवाय काही दिलं नाही, त्याचं निदान प्रवेशात तरी वजन पडू द्या. पसंतीक्रम भरायच्या वेळी पोराला पाण्याची बाटली आणायला पाठवा आणि अकोला एक नंबरवर टाका. ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येतो.

तर नंबर लागेल. पेढे वाटाल. ट्रंक त्याला नको असेल, तरी ती गच्चीवरून उतरवून रंगवाल. आणि जायच्या आदल्या रात्री, तुमच्या सगळ्या गोष्टी खऱ्या मानून बसलेलं ते पोरगं विचारेल, "बाबा, चार वर्सं झाल्यावर मी आपलं वावर पाहू का?"

इथं जराही डगमगू नका.

"येडा झाला का बे? एमपीएससी कर."