चहाच्या कपावर बोअरचा पंप चालत नाही, दाजी

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एकच व्हिडिओ तीनदा आला. आधी खानापूरहून, मग वडगावच्या मावशीकडून, आणि शेवटी निपाणीच्या दाजींकडून, तोही 'बघून घ्या, मग बोला' अशा दमात. वाफाळत्या चहाच्या कपावर डबीसारखं काहीतरी ठेवलंय आणि त्यावर एक चाक गरगर फिरतंय. खाली मजकूर असा: विना इंधन इंजिन. एकदा फिरवलं की थांबत नाही. शोध १८१६ सालीच लागला होता, तेल कंपन्यांनी दाबून ठेवला. मोठं करून बसवा. मोबाइल, बोअरचा पंप, सगळं फुकट. लाइटबिलाला रामराम.

व्हिडिओ खोटा नाही, हे आधीच सांगतो. तसलंच इंजिन, त्याला स्टर्लिंग इंजिन म्हणतात, मी किट मागवून जोडलंय, दोन रविवार घालवून. खोटं आहे ते खालचं लिखाण.

'विना इंधन' यापासून सुरू करू. बहुतेकांना वाटतं की चहाची वाफ चाक फिरवते. वाफेचा काही संबंध नाही. वर आणि खाली ॲल्युमिनियमची एकेक थाळी, मध्ये ॲक्रिलिकचं कडं, आणि आत कोंडलेली साधी हवा. त्या हवेत फोमची एक चकती कड्याला न टेकता वरखाली होते. चकती वर गेली की हवा खालच्या गरम थाळीला लागते, फुगते आणि काचेच्या नळीतल्या ग्रॅफाइटच्या पिस्टनला वर ढकलते. चकती खाली आली की हवा वरच्या गार थाळीकडे जाते, आकसते आणि पिस्टन खाली येतो. चकती पिस्टनच्या पाव फेरा पुढे धावते, दोघांच्या क्रँकमध्ये, म्हणजे वरखाली हालचालीने चाक फिरवणाऱ्या वाकड्या दांड्यांमध्ये, ९० अंशांचं अंतर असतं. एवढंच यंत्र. कडं धातूचं का नाही? धातूचं असतं तर खालची उष्णता कड्यातूनच वर चढली असती आणि दोन्ही थाळ्या सारख्याच तापल्या असत्या.

म्हणजे इंजिन उष्णतेवर नव्हे, खालच्या-वरच्या थाळीतल्या फरकावर चालतं. व्हिडिओत सगळ्यांची नजर कपावर असते, वरच्या थाळीकडे कोण बघत नाही. दुसऱ्या एका व्हिडिओत हेच इंजिन बर्फावर ठेवलंय, 'बघा, उष्णता पण नको' म्हणून. तिथे चाक उलट्या दिशेला फिरतं. कारण आता वरची थाळी खोलीच्या हवेने गरम आणि खालची गार. बर्फ संपतो, आणि तो बर्फ करायला फ्रिजने वीज खाल्लेली असते. तसंच चहाच्या कपाखाली इंधन दिसत नाही, कारण ते आधीच स्वयंपाकघरात जळून गेलंय.

किती जळलं आणि त्यातलं किती परत मिळेल, हा हिशेब कुणीतरी करायला हवा होता. १५० मिलिलिटर चहा ८० अंशांवर, खोली २८ अंशांवर. चहा पूर्ण निवेपर्यंत तो साधारण ९ वॅट-तास उष्णता सोडतो. त्यातली कामाला किती लावता येईल यावर निसर्गाचीच मर्यादा आहे, कार्नो या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलेली. सुरुवातीच्या क्षणी ती जेमतेम १५ टक्के असते आणि चहा निवेल तशी घसरत शून्याला येते. सगळं मिळून, घर्षण नसलेल्या, कुठेच न गळणाऱ्या, जगात अस्तित्वात नसलेल्या इंजिनाला एका कपातून ०.७ वॅट-तास मिळतील. ७ वॅटचा एलईडी बल्ब सहा मिनिटं. पाच हजार एमएएचच्या मोबाइल बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास मावतात, म्हणजे एका चार्जिंगला सत्तावीस कप. आणि एक युनिट वीज? चौदाशेहून जास्त कप. गृहज्योती योजनेत २०० युनिटांपर्यंत बिल माफ असलेल्या कर्नाटकात राहून हा उद्योग कशाला करायचा, ते दाजींनीच सांगावं.

हे झालं आदर्श इंजिनाचं. टेबलावरचं खरं मॉडेल काही मिलिवॅट काढतं, आणि तेसुद्धा बहुतेक स्वतःचं घर्षण भागवण्यातच जातात. माझं पहिल्या रविवारी फिरलंच नाही. मी शहाण्यासारखं पिस्टनला शिलाई मशीनचं तेल लावलं होतं. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर बसणारा माझा मित्र बघून हसला. 'ह्याला तेल लावायचं नसतंय की रे, ग्रॅफाइट स्वतःच तेल आहे.' तेलाच्या चिकटपणाला हरवायची ताकदही त्या हवेत नसते. स्पिरिटने नळी पुसली, पिस्टन पुसला. मग त्याने चाचणी दाखवली: नळीचं खालचं तोंड बोटाने दाबून पिस्टन वरून सोडायचा, तो अगदी सावकाश उतरला पाहिजे, बोट काढलं की सुळकन खाली. मग फिरलं, पण खर्र-खर्र आवाज करत. फोमची चकती एका बाजूने कड्याला घासत होती, दांडी अर्ध्या केसाएवढी वाकडी. आता सांगा, एवढ्याशा घासण्याने जे अडतं ते पंप ओढणार?

'थांबत नाही.' थांबतं. काचेच्या ग्लासात उकळता चहा ओतून त्यावर ठेवलं, घड्याळ लावलं. सुरुवातीला मिनिटाला १४० फेरे, बाविसाव्या मिनिटाला बंद. गंमत अशी की तेव्हा चहा चांगला कोमट होता, पिण्याजोगा. तापली होती ती वरची थाळी. तिच्यावर ओल्या रुमालाची घडी ठेवली, चाकाला बोटाने टिचकी मारली, आणि ते पुन्हा सात मिनिटं फिरलं. चहा तोच, उष्णता आधीपेक्षा कमीच. व्हिडिओ पंधरा सेकंदांचा का असतो, ते यावरून ओळखा.

दाबून ठेवल्याची गोष्ट तर सनावळीवरच पडते. रॉबर्ट स्टर्लिंग हा स्कॉटलंडचा पाद्री, या इंजिनाचं त्याचं पेटंट १८१६चं. पेट्रोलच्या गाड्या यायला अजून सत्तर वर्षं होती, मग दाबलं कुणी? त्याच्या भावाने, जेम्सने, १८४० च्या दशकात स्कॉटलंडमधल्याच डंडी शहरातल्या एका फौंड्रीत मोठं इंजिन चालवलंही. पण आगीवरची सिलिंडरं पुन्हा पुन्हा निकामी झाली, त्या काळच्या बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, तेवढी उष्णता सोसेना. शेवटी तिथे वाफेचं इंजिन आलं. आपल्याकडे ओतकाम जाणणारे घराघरात आहेत, त्यांना यात कारस्थान दिसणार नाही. पुढे फिलिप्सने १९५० च्या सुमारास २०० वॅटच्या आसपासचे जनित्र संच काढले, स्वीडनच्या पाणबुड्यांत आज स्टर्लिंग इंजिनं आहेत, आणि उलट चालवून अतिथंड करणारी यंत्रं उपग्रहांत जातात.

राहिलं 'मोठं करून बसवा'. चहाएवढ्या, म्हणजे पन्नास अंशांच्या फरकावर, साधी हवा घेऊन आणि सेकंदाला एक फेरा धरून ढोबळ हिशेब केला. एक अश्वशक्तीला पिस्टनने चारशे लिटरांहून जास्त हवा हलवावी लागते, पाचशे लिटरच्या पाण्याच्या टाकीएवढी. फोमच्या चकतीचा डबा त्याच्या वीसेक पट, न्हाणीघराएवढा. त्याची तळथाळी दिवसभर ८० अंशांवर आणि वरची गार ठेवायची. एक अश्वशक्तीची मोटर आपण काखेत धरून दुकानातून आणतो.

इथे दाजींचा एक मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. त्यांनी विचारलं, गुऱ्हाळाच्या चुलाणावर? चिपाडांच्या जाळात फरक शेकडो अंशांचा असतो, आणि ती उष्णता धुराड्यातून जातेच. तिथे स्टर्लिंगला अर्थ आहे. फक्त त्या इंजिनात वायू, बहुधा हेलियम किंवा हायड्रोजन, दाबून भरावा लागतो, तो वर्षानुवर्षं न गळता राखावा लागतो आणि गरम टोकाला महागडी मिश्रधातू लागते. चहावाल्या किटचं ते मोठं भावंड नव्हे, लांबचा पाहुणा.

यावर दाजींचा व्हॉइस मेसेज आला: 'मग तळहातावर फिरतंय ते पण खोटंच म्हणा.' ते खरं आहे. अमेरिकेतल्या जेम्स सेन्फ्टचं एक मॉडेल अर्ध्या अंशाच्या फरकावर फिरलंय. पण तळहात साधारण ३३-३४ अंशांचा. एप्रिलच्या दुपारी बेळगावातली खोलीच तेवढी तापते, तेव्हा कुठलंच फिरणार नाही. डिसेंबरच्या पहाटे फिरावं. माझं तेव्हाही नाही, त्याला निदान वीस अंश लागतात. दांडीचा पितळी बुश घट्ट आहे, तो मित्राकडे रीम करायला, म्हणजे भोक जरासं मोठं करायला, दिलाय.