‘मी’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’

बर्मिंगहॅमला येऊन मला अकरा वर्षे झाली, तरी रविवारच्या उपासनेनंतर नगरहून ताईचा फोन येतोच, आणि अलीकडे त्यावर एकच विषय असतो: विश्वासाची कबुली, म्हणजे ‘मी देवावर विश्वास ठेवतो’ असे सांगणारा ठरीव पाठ, साऱ्या मंडळीने एका सुरात म्हणण्याची रीत ठेवावी की सोडावी? तरुणांना ती पोपटपंची वाटते. प्रार्थना ज्याची त्याने, सुचेल त्या शब्दांत करावी, असे ते म्हणतात. गंमत अशी की यात ते पणजोबांचीच बाजू घेत आहेत. पणजोबा ज्यांच्या मंडळीत होते, ते नगरला आलेले अमेरिकन मिशनरी काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळीला स्वायत्त मानणाऱ्या, परंपरेचे होते आणि ठरीव कबुलीची सक्ती त्या परंपरेला मान्य नव्हती. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा ठरीव कबुली म्हणणाऱ्या अँग्लिकनांसह (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या लोकांसह) निरनिराळ्या रीतींचे लोक एका छपराखाली आले.

मलाही पूर्वी तरुणांचे पटत असे. पण इथल्या अँग्लिकन चर्चमधल्या पहिल्या रविवारी प्रवचनातले विनोद कळले नाहीत, गीतांच्या चाली अनोळखी निघाल्या, आणि कबुली सुरू होताच मात्र पुढचा प्रत्येक शब्द मला आधीच ठाऊक होता. सुचेल तशा प्रार्थनेत परक्याला नुसते ऐकत बसावे लागते.

शेजारच्या नायजेरियन आजी मात्र कबुलीची सुरुवात अजूनही १६६२च्या जुन्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे ‘आय बिलीव्ह’ अशी एकवचनीच करतात, आणि बाकीचे २००० सालच्या नव्या पाठाप्रमाणे ‘वी बिलीव्ह’ अशी अनेकवचनी. इ. स. ३२५ मध्ये नायसियाला (आजच्या तुर्कस्तानात) परिषदेसाठी जमलेल्या बिशपांनी कबुलीचा मूळ पाठ ठरवताना ग्रीकमध्ये अनेकवचनच वापरले होते, कारण ती परिषदेची एकत्र कबुली होती. उपासनेत पुढे एकवचन रुळले. इथल्या कॅथलिकांनी तर २०११ साली लॅटिनला धरून अनेकवचन सोडून दिले.

इंग्रजीचे काम एका ‘वी’वर भागते, मराठीला निवड करावी लागते. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ यात ‘आमच्या’ अगदी बरोबर, कारण बोलणे देवाशी आहे. कबुलीत देव तृतीयपुरुषी आहे. मग ती आपण जगाला ऐकवतो की एकमेकांना? ‘आम्ही’ म्हटले तर दाराशी उभा असलेला नवखा बाहेरच राहतो, ‘आपण’ म्हटले तर तो न विचारता आत ओढला जातो. तरुणांचा खरा आक्षेप या ओढण्याला असावा, आणि तो मला पोपटपंचीच्या आरोपापेक्षा वजनदार वाटतो.

तरीही ताईला मी ‘आपण’ सुचवले. ती म्हणाली, “पुस्तकात ‘मी’ छापलंय. पाळकसाहेबांना तूच फोन कर.”